वाळवी लागलीय, पण ग्रुपवर नको

पुण्यात लोकांना काहीही विचारा, सांगतात. शुगर किती आली, गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरांकडे केलं, त्यांनी किती घेतले, सुनेचं आणि सासूचं नक्की कशावरून बिनसलं, सगळं जिन्यात उभं राहून, हातात दुधाची पिशवी धरून सविस्तर. पण घरात वाळवी निघाली हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. आमची कोथरूडमधली जुनी सोसायटी, पार्किंगवरून ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत भांडणं चालतात, कुंडीतलं पाणी खाली गळलं तर फोटो पडतो, वाळवीवर मात्र एक अक्षर नाही. आणि वाळवी तर आहे, बऱ्याच घरांत आहे, हे आम्हाला कळलं सुताराकडून, कारण सुतार सगळ्यांच्या घरी जातो आणि त्याला कोणी गप्प बसायला सांगितलं तरी चहा झाल्यावर तो बोलतोच.

लपवण्याचं कारण म्हणजे एक तर फ्लॅटचा रेट पडेल ही भीती, रीडेव्हलपमेंटचं काहीतरी चाललेलं असतंच, त्यात हे कशाला. आणि दुसरं म्हणजे वाळवी म्हटलं की घर घाणेरडं असणार असं लोकांना उगीचच वाटतं. वाळवी ही झुरळांच्या नात्यातली खरी (दिसते मुंगीसारखी, पण मुंगीशी तिचं काही नातं नाही), पण तिला खरकट्याशी काही देणंघेणं नाही. तिला लाकूड, कागद, पुठ्ठा पाहिजे आणि जवळपास ओल पाहिजे. रोज दोनदा फरशी पुसणाऱ्यांकडेसुद्धा ती येते, बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून वॉर्डरोब केलेला असेल आणि आतला पाइप थोडा थोडा झिरपत असेल तर हमखास येते.

तळमजल्यावरच्या काकूंकडे ते असंच उघडकीला आलं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा ढीग. काका म्हणाले, "अगं ते पावसाळी किडे, दरवर्षी येतात, झाडून टाक." आता बाहेरून चार किडे ट्यूबलाइटवर आले तर त्यात खरंच विशेष काही नाही. पण बंद खिडकीच्या आतल्या बाजूला पंख गळून पडलेले दिसले तर समजायचं की ते घरातूनच निघालेत आणि बाहेर जायला उजेडाकडे आलेत. मुंग्यांनाही पावसात पंख फुटतात, फरक बघायचा तर मुंगीचे पुढचे पंख मोठे मागचे लहान आणि कंबर बारीक, वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर वगैरे भानगड नाही. काकूंकडचे सगळे सारखे होते.

मग सुतार आला. बेडरूमच्या दाराची चौकट वरून एकदम झकास, मागच्याच दिवाळीत ऑइलपेंट मारलेला. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने वरून ठोकत ठोकत खाली आणलं, वर ठक ठक वाजलं आणि गुडघ्याच्या उंचीला आल्यावर आवाज एकदम पोकळ झाला. तिथं त्याने अंगठा दाबला तर अंगठा सरळ आत गेला. बाहेरचा रंगाचा पापुद्रा तेवढा शिल्लक होता, आत लाकडाच्या मऊ रेषा सगळ्या खाल्लेल्या, कडक रेषा वहीच्या पानांसारख्या एकामागे एक उभ्या आणि मधे ओलसर माती भरलेली. ती माती उकरल्याबरोबर पांढरे किडे सैरावैरा, आणि त्यांच्यात पिवळसर डोक्याचे एक-दोन सैनिक, ते मात्र पळेनात, तिथंच उभे.

काकूंनी पहिलं काम काय केलं तर दार लावून घेतलं. "कुणाला बोलू नका हं," हे सुताराला. आणि दुसरं काम, घरात होता तो हिटचा डबा रिकामा केला, वर मीठाचं पाणी, वर कुणीतरी सांगितलं म्हणून कडुनिंबाचं तेल.

हे करू नये, हे मी सगळ्यांना सांगत सुटलेय. दिसणारे किडे मरतात, पण आपल्याकडे घरात येते ती वाळवी बहुतेक वेळा जमिनीत राहते, चौकटीत तिची फक्त ये-जा असते. खाली राणी बसलेली, दिवसाला हजारोंनी अंडी घालते आणि वर्षानुवर्षं जगते. वर येणारे कामकरी आंधळे, त्यांना कोरडी हवा सोसत नाही, म्हणून तर मातीची नळी बांधत बांधत येतात, पेन्सिलीएवढी जाड, भिंतीच्या कडेनं, स्विचबोर्डाच्या मागून, पाइपच्या आडोशानं. एका नळीवर स्प्रे मारला की त्या ती वाट सोडून दुसरीकडून निघतात, आणि पेस्ट कंट्रोलवाला येतो तेव्हा त्याला दाखवायला काही उरत नाही. त्यापेक्षा नळी थोडीशी फोडायची आणि तशीच ठेवायची. दोन-चार दिवसांत पुन्हा सांधली गेली तर आत हालचाल चालू आहे. अर्थात नाही सांधली म्हणजे गेल्या असं नाही, वाट बदलली असेल.

अजून एक घोटाळा कायम होतो. फर्निचरखाली पिठासारखा भुगा पडतो आणि लोक वाळवी वाळवी करतात. तो बहुतेक बोरर, तो वेगळा किडा, टाचणीएवढी भोकं पाडतो. जमिनीतली वाळवी असा भुगा सांडत नाही, ती आत मातीच भरत जाते.

तर मुद्दा असा की वाळवी जमिनीतून येते आणि जमीन सगळ्या बिल्डिंगची एक. कोथरूडची ही सगळी बाजू म्हणजे मुळात शेतं, त्यात बांधकामाच्या वेळी सेंट्रिंगच्या फळ्या, झाडांचे बुंधे तसेच भरावात पुरलेले असले की तिची आयती सोय. काकूंनी गुपचूप आपल्या फ्लॅटपुरतं औषध मारून घेतलं असतं तर ती शेजारच्या भिंतीतून शिरली असती, आणि शेजाऱ्यांनी पण गुपचूपच मारलं असतं.

शेवटी मी ग्रुपवर टाकलं. आमच्या शू-रॅकमागे पण एक नळी होतीच, तिचाच फोटो टाकला आणि लिहिलं, आमच्याकडे वाळवी आहे, अजून कोणाकडे? ग्रुपवर शांतता. एक अंगठा आला, तो पण बहुतेक चुकून. पण पर्सनलवर रांग लागली. "आमच्याकडेपण आहे हो, पण ग्रुपवर नको." "देवघराच्या मागे आहे, ह्यांना सांगितलं नाहीये." एकांकडे लग्नाचा अल्बम खाल्लेला, माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात होता, भिंतीला टेकून.

पेस्ट कंट्रोलचा मुलगा आला तो मात्र हुशार निघाला, कामात वाकबगार आणि बोलण्यात पण. बांधलेल्या घराला ट्रीटमेंट कशी करायची याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्याचा तिसरा भाग, तो त्याला पाठ होता. भिंत आणि फरशी मिळते तिथं १२ मिलिमीटरची भोकं, साधारण ३० सेंटिमीटरवर एक, त्यातून औषध खाली मातीत सोडायचं, चौकटीत बारीक तिरकी भोकं पाडून सिरिंजनं भरायचं आणि बिल्डिंगच्या बाहेरून कडेकडेनं पण हेच. पूर्वी आल्ड्रिन वापरायचे, ते इतकं विषारी की १९९६ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. आता इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल असली औषधं, त्यांचा वास वाळवीला लागत नाही म्हणून ती बिनधास्त त्यातून जाते, आणि या एकमेकींना तोंडानं भरवतात, अंग चाटून साफ करतात, त्यामुळे औषध पसरत जातं. एका दिवसात काही होत नाही, आठवडे लागतात, आणि तेवढ्यात लोक फोन करकरून त्या मुलाचा जीव खातात. फिश टँक असेल तर मात्र आधी सांगा, यातली काही औषधं माशांना फार वाईट, बोअरवेल जवळ असेल तरी सांगा.

चौकट नवी करायला काकू भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन आल्या. दुकानदार म्हणे सागवान आहे, शंभर वर्षं बघायला नको. गाभ्याचं सागवान वाळवीला खरंच आवडत नाही, जुन्या वाड्यांचे खांब म्हणून तर टिकले, पण आजकाल फळीला पांढरी कड असते ती वाळवी आरामात खाते. प्लायचं तर त्याहून गंमतशीर, वॉटरप्रूफ म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा, म्हणून लोक बिनघोर राहतात, पण पाण्यात टिकतो तो डिंक. वाळवीसाठी लाकडाला वेगळं औषध दिलेलं लागतं, ते दिलंय का हे विचारायचं आणि पावतीवर लिहून घ्यायचं.

बाकी घरात करायचं ते कंटाळवाणं आहे. गळका नळ लगेच दुरुस्त करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं घ्या, ऑनलाइनची रिकामी खोकी "कधीतरी लागतील" म्हणून बाल्कनीत साठवू नका (लागत नाहीत), चौकट बसवताना मागून डांबर मारून घ्या आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात सुट्टीला मुलं घरात असतात तेव्हा, बेड ओढून मागं टॉर्च मारून बघा.

मीटिंग झाली. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी सांगितलं, आमच्याकडे कशी येईल, आम्ही चौथ्यावर, आम्ही का पैसे द्यायचे. डक्टमधून येते, पाइपांबरोबर चढते, अशी मी बरीच बडबड केली, त्यावर ते म्हणाले येईल तेव्हा बघू. तेवढ्यात त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, आपल्या लॉफ्टमधे माती कुठून येते मग?" विषय संपला, सगळ्यांनी समान वर्गणी द्यायची ठरलं. सेक्रेटरींनी मिनिट्समधे "परिसरात नियमित प्रतिबंधात्मक फवारणी" असं लिहिलं, उद्या कोणी बिल्डर वाचेल म्हणून.

काम झालं, भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. ते सिमेंट जिन्यातल्या फरशीच्या रंगाला मॅच होत नाही, याची मात्र ग्रुपवर त्याच संध्याकाळी तक्रार आली, प्रत्येक भोकाच्या फोटोसकट.