वाण्याची वही

बाबांनी माझ्या मोबाइलवर जुनी पगारपावती मोठी करून पाहिली. जर्मन त्यांना येत नाही. पण गिरणीत पगार घेतलेल्या माणसाची नजर आधी कपातीवर जाते. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कशाचे कापले?"

ती बेरोजगार विम्याची ओळ होती. पगाराच्या 2.6 टक्के, त्यातले निम्मे माझे आणि निम्मे मालकाचे. न्युर्नबर्गमध्ये नऊ वर्षं नोकरी केली, पण त्या ओळीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आता घर तिच्यावरच चाललंय.

लालबागच्या आमच्या खोलीत बसून हे लिहितेय. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. इंजिनाशी संबंधित एक अख्खं खातं बंद झालं आणि त्यात मीही गेले. नोटीस हातात पडल्यावर पहिली भीती मुलीच्या शाळेची नव्हती, घरभाड्याचीही नव्हती. बाबांना काय सांगायचं, ही होती. आमच्या घरात 'काम गेलं' हे शब्द साधे नाहीत.

तिकडे नोकरी संपणार हे कळलं की तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नोंद करावी लागते. नोटीस त्याहून कमी मुदतीची असेल तर तीन दिवसांत. मागच्या तीस महिन्यांत किमान बारा महिने हप्ता भरलेला असला की हक्क लागतो. मूल असेल तर निव्वळ पगाराच्या 67 टक्के भत्ता, नसेल तर 60. माझ्या वयाला आणि नोकरीच्या वर्षांना हे बारा महिने मिळतं. स्वतःहून, सबळ कारणाशिवाय राजीनामा दिला तर मात्र साधारण बारा आठवडे पैसे अडतात. आणि भत्ता घेणाऱ्याने कामाला हजर असायला हवं, म्हणून मुंबईला येण्याआधी मी परवानगी मागितली. वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत मिळते. शेजारच्या काकूंना हे ऐकून बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणाचे उपकार नाहीत."

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो मात्र दुसराच नियम. पहिले तीन महिने, आधीच्या पगारात 20 टक्क्यांहून जास्त घट होईल असं काम नाकारलं तरी भत्ता थांबत नाही. पुढचे तीन महिने ही मर्यादा 30 टक्के. त्यानंतर, हातात भत्त्याइतके पैसे पडतील असं काम आलं तर घ्यावं लागतं. दुसऱ्याच महिन्यात मला गोदामातलं एक काम आलं होतं, पगार जवळपास निम्मा. मी नाही म्हटलं. तो निरोप पाठवला त्या रात्री मला बाबा आठवत राहिले, कारण त्यांना कधीच नाही म्हणता आलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा सव्वीस वर्षांचे होते, साचा खात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार; कुणी गैरहजर असलं तरच काम. दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने आमचं घर चाललं ते कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीवर. तांदूळ, तेल, रॉकेल, सगळं वहीत. आजी म्हणायची, वाणी होता म्हणून चूल पेटली. चाळीतली भिशी होती, गावाहून येणारं तांदळाचं पोतं होतं. विमा नव्हता असं कसं म्हणू? गिरणगावाचा विमा म्हणजे हीच माणसं.

पण तो विमा बुडाला, आणि का बुडाला हे मला न्युर्नबर्गला जाऊन कळलं. एकाचं काम गेलं असतं तर वाण्याने त्याला वर्षभर पोसलं असतं. इथे त्याच्या वहीतलं प्रत्येक नाव एकाच दिवशी बेकार झालं. भिशीतले बाराही जण गिरणीतलेच. ज्याच्याकडे हात पसरायचा तोही तुमच्यासोबतच बुडतोय, अशी गत. अखेर वाण्याने दुकान विकलं आणि तो मुलुंडला गेला. बाबांनी शेवटचे 340 रुपये मुलुंडला जाऊन फेडले, तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

म्हणूनच हप्ता वेगवेगळ्या धंद्यांतून, सगळ्या देशातून गोळा व्हायला लागतो. गाड्यांचा धंदा बसला तर माझे पैसे नर्स, बेकरीवाला, बसचालक यांच्या हप्त्यांतून येतात. आणि मी खर्च करत राहिले तर तो बेकरीवालाही तगतो.

तिकडेही हे सुखासुखी उभं राहिलेलं नाही. हा विमा 1927 साली आला आणि दोनच वर्षांत महामंदी. बेकारांची संख्या पुढे साठ लाखांपर्यंत गेली. तूट कुणी भरायची, हप्ता किती वाढवायचा, या वादात मार्च 1930 मध्ये सरकार पडलं. सगळा देशच एकदम बुडू लागला की नुसते हप्ते पुरत नाहीत, सरकारी तिजोरी पाठीशी लागते. 2020 च्या टाळेबंदीत तिने ते केलं. एप्रिलमध्ये साठ लाखांच्या आसपास लोकांचे कामाचे तास कमी झाले, पण नोकऱ्या टिकल्या आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा याच व्यवस्थेतून मिळाला. त्याच दिवसांत मुंबईहून नाशिकच्या रस्त्याने माणसं पोरांना खांद्यावर घेऊन चालत निघाली होती. त्यांचाही विमा गावच होता.

बाबांनी विचारलं, "संपात आम्हाला हे मिळालं असतं?" खोटं कशाला सांगू? संपावर असताना तिकडेही मिळत नाही. पण गिरण्या पुन्हा उघडल्यावर ज्यांना परत घेतलंच नाही, त्यांना मिळालं असतं. बाबा त्यांतलेच.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही, आणि हे लिहायचं कारणही तेच. दुष्काळात शेतमजुराला काम देण्यासाठी महाराष्ट्राने रोजगार हमी आणली. तिच्या खर्चासाठी 1975 पासून शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला. मुंबईच्या पगारातून खेड्यातल्या बेकाराला आधार, हा विचार याच राज्याने केलाय. कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. आयुष्यात एकदा, 90 दिवसांपर्यंत, आधी रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे. 2020 मध्ये ते 50 झाले. तिची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय. पण 21,000 च्या वर पगार गेला की तुम्ही ईएसआयच्या बाहेर, आणि घरोघरी पार्सल पोचवणारी बहुतेक मुलं तर मुळात आतच नाहीत. नव्वद दिवस फार थोडे आहेत. हे वाढायला हवं.

माझा मावसभाऊ लोअर परळच्या एका मॉलमध्ये साफसफाईचा सुपरवायझर होता, पगार 19,000. ठेकेदार बदलला आणि त्याचं काम गेलं. त्याच्या पावतीवर दर महिन्याला ईएसआयची 0.75 टक्के कपात आहे. या योजनेचं नाव त्याने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. उद्या सकाळी आम्ही दोघं ईएसआयच्या शाखेत जाणार आहोत.

बाबा त्याला सांगत होते, "पावत्या सगळ्या घे. एकही घरी ठेवू नकोस."