डिग्री घेतली म्हणून जात बदलली

कॅनडाच्या १८७६ च्या इंडियन ॲक्टमधलं एक कलम परवा वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. एखाद्या 'इंडियन' माणसानं (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशानं, कायद्यातला शब्दच तो आणि कायद्याचं नाव अजूनही तेच) युनिव्हर्सिटीची डिग्री घेतली किंवा डॉक्टर, वकील, पाद्री झाला, की तो कायद्यानं आपोआप इंडियन उरत नाही. शिकलास ना, मग आता तू आमच्यातला, तुझ्या लोकांशी कायद्याचा संबंध संपला. १८८० मध्ये ते 'आपोआप' काढलं, अर्ज केला तरच असं केलं, पण मनात काय होतं ते कळलंच ना. त्यामुळे "त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही" असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं.

म्हणून मला ब्लू क्विल्सची गोष्ट फार आवडते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात सेंट पॉल गावाजवळ १९३१ साली बांधलेली निवासी शाळा, म्हणजे तीच कुप्रसिद्ध भानगड, मुलांना घरापासून तोडायचं आणि त्यांची भाषा बोलू द्यायची नाही. १९७० मध्ये सरकारनं ठरवलं की ही बंद करून मुलांना गावातल्या शाळेत पाठवायचं. तर पालकांनी काय केलं, बंद होतेय म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत, जुलैत त्याच शाळेत ठाण मांडून बसले, दोनेक आठवडे, आलटून पालटून शेकडो लोक. म्हणणं एकच, शाळा आम्ही चालवणार. मूळ रहिवाशांच्या खात्याचे मंत्री तेव्हा ज्याँ क्रेत्यें होते, पुढे पंतप्रधान झाले ते. शेवटी सरकारला मानावं लागलं. ज्या इमारतीत त्यांच्या पोरांना क्री ही आपली भाषा बोलल्याबद्दल मार पडायचा तिथेच आज सात फर्स्ट नेशन्सच्या (म्हणजे मूळ रहिवाशांच्या समूहांच्या) मालकीची युनिव्हर्सिटी आहे आणि २०१५ पासून तिचं नाव डेने आणि क्री भाषेत आहे, इतकं लांब की मी पाच वेळा म्हणायचा प्रयत्न केला आणि हरले. म्हणू देत की इंग्रजीवाल्यांना, होऊ दे जिभेला व्यायाम.

पण किल्ल्या मिळाल्या तरी शिक्का दुसऱ्याचाच, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं. रजायना शहरातली फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी १९७६ मध्ये कॉलेज म्हणून सुरू झाली, पण डिग्री मिळते ती युनिव्हर्सिटी ऑफ रजायनाची. ओंटारियो प्रांतात २०१७ च्या कायद्यानं अशा संस्थांना स्वतःची डिग्री द्यायची वाट मोकळी झाली, इतक्या उशिरा!

नोकरीच्या ट्रेनिंगचं म्हणाल तर ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मेरिट गावाला निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट आहे, १९८३ मध्ये आसपासच्या पाच बँडनी (तिकडे समूहाला बँड म्हणतात) मिळून सुरू केली. त्यांच्याकडे वर्कशॉपचा ट्रेलर आहे, तो वस्त्यांवर जातो, वेल्डिंग, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग हाताळून बघता येतं. पोरांनी गाव सोडून शहरात खोली शोधायची, एकटं पडायचं आणि सहा महिन्यांत परत यायचं, त्यापेक्षा वर्कशॉपच चाकांवर चढवून नेलेलं काय वाईट. कॅम्पसवर समाजातली वडीलधारी मंडळीही असतात, सल्ल्याला, गप्पांना. कुणाला हे शोभेचं वाटेल, मला नाही वाटत. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात गेलेलं असतं तेव्हा सिलॅबसपेक्षा "अरे बस, चहा घे, काय झालं" म्हणणारं कुणीतरी जास्त लागतं.

आणि पैसा. फर्स्ट नेशन्सच्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून जी मदत मिळते तिची वाढ १९९६ पासून वर्षाला २ टक्क्यांवर बांधून ठेवली होती, कितीतरी वर्षं, आणि तिकडे मुलं वाढतायत, फीही वाढतेय. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली अकरावी हीच, की कॉलेजसाठी वाट बघत थांबलेल्या या मुलांना पुरेसा पैसा द्या.