कॅनची पोकळ मूठ

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. या दिवसात आमच्याकडं कापसात फवारणी अन् निंदण दोन्ही एकदमच चालू असते, त्यामुळं दुपारी गाव रिकामं अन् उपकेंद्रही रिकामंच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, पण गावात सगळे मॅडमच म्हणतात. दोनेक वाजले असतील, मी बीपीच्या पेशंटचं रजिस्टर भरत होते, तेवढ्यात दारात ऑटो थांबला अन् आशाताई ओरडतच आत आली, मॅडम लवकर या, बाया ओकून रायल्या.

तीन बाया होत्या. एकीला तर धरून आणावं लागलं. तिघींना घाम, तोंडाला लाळ, पोटात मुरडा, डोकं गच्च झालेलं, अन् डोळ्यात टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ते पाहून माझ्या पोटात गोळाच आला, कारण 2017 मध्ये मी नर्सिंगला होते अन् त्या एका हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले, ते वॉर्ड मी डोळ्यानं पाहिलेले आहेत. त्या बाहुल्या एकदा पाहिल्या की माणूस विसरत नाही.

108 ला फोन केला, पीएचसीच्या डॉक्टरांना फोन केला, ते सांगत गेले तसं मी अन् आशाताई करत गेलो. लुगडी बदलली, साबणानं अंग धुतलं, एका कुशीवर झोपवलं, सलाईन लावलं. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला, तो पाऊण तास मला अजून आठवतो.

पण मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. तिघींपैकी एकीनंही फवारणी केली नव्हती. त्या निंदाले गेल्या होत्या. मी विचारलं वावर कधी फवारलं, तर म्हणे आठ-दहा दिवस झाले. भाकर काय खाल्ली, तर सगळ्या टोळीनं एकत्र बसून भाकर, ठेचा, कांदा खाल्ला. अन् या तिघींना धरून घेऊन आलेली जी चौथी होती, ती त्याच धुऱ्यावर बसून तेच जेवली होती, त्याच तासात निंदत होती, अन् ठणठणीत होती. मी तिलाच बाजूला घेतलं. म्हटलं काकू, तुम्ही वेगळं काय केलं ते सांगा. ती म्हणे, "काईच नाई मॅडम. फक्त पाणी मी माह्या किटलीतलं पेली. त्या कॅनच्या पाण्याले वास येते म्हून मी नाई पेत."

आशाताईच्या नवऱ्याला गाडीवर वावरात पाठवलं अन् ती कॅन मागवली. पाच लिटरची, पांढरट, वर मूठवाली, जशी आपल्याकडं प्रत्येक घरात एखादी असतेच. लेबल खरवडून काढलेलं, पण एका कोपऱ्यात तो चौकोन थोडासा राहिला होता, कोनावर उभा असतो तो, अन् त्याचा खालचा भाग पिवळा. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल म्हणजे सगळ्यात जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा. झाकण उघडलं तर वास आलाच. ती कॅन झाकण लावून, पन्नीत बांधून तशीच ॲम्ब्युलन्ससोबत दिली.

कॅन टोळीच्या मुकादम मावशीची होती, अन् सगळ्यात जास्त त्रास तिलाच झाला होता. तिची आधीची कॅन गळायला लागली म्हणून मालकाच्या विहिरीजवळ फेकलेली ही तिनं उचलली. तिनं काही हलगर्जी केली असं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिनं ती कॅन राखेनं घासली, साबणाची पावडर टाकून हलवली, तीन पाण्यानं धुतली, दोन दिवस उन्हात पालथी ठेवली. कुठलंही भांडं असतं तर स्वच्छ झालं असतं.

पण प्लास्टिक म्हणजे पितळ नाही. प्लास्टिक पितं. कापसावरची बरीच औषधं तेलासारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली असतात अन् महिनोन् महिने कॅनमध्ये पडून राहिली की ते औषध भिंतीत मुरते, जशी हळदीच्या डब्याची हळद कितीही घासली तरी जात नाही तशी. मग त्यात पाणी भरून उन्हात ठेवलं की मुरलेलं परत सुटायला लागते, अन् उष्णता जास्त तेवढं जास्त सुटते. अन् अजून एक गोष्ट, जी मला त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितली अन् तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगत सुटले आहे. या कॅनची मूठ पोकळ असते. औषध त्या मुठीत जाऊन बसते, धुताना पाणी तिथपर्यंत नीट पोचत नाही, अन् कॅन वाकवून पाणी ओतलं की मुठीतलं औषध पाण्यात उतरते. त्या बायांनी कॅन वाकवून वाकवूनच पाणी पिलं होतं.

तिघीही वाचल्या. दोघी दोन दिवसात घरी आल्या, मावशीला यवतमाळला मेडिकलला हलवावं लागलं, ॲट्रोपिनवर, म्हणजे या विषाच्या उताऱ्यावर ठेवलं, सहाव्या दिवशी सुटी झाली.

त्या सहा दिवसात मी अन् आशाताई घरोघर फिरलो. त्या कॅन किती निघाल्या म्हणून सांगू. एकीत गोडंतेल, एकीत रॉकेल, एकीत डेअरीचं दूध. तेल अन् दूध तर जास्त वाईट, कारण स्निग्ध पदार्थ प्लास्टिकातलं पाण्यापेक्षा लवकर ओढून घेतो. एका घरी निळा मोठा ड्रम, आधी त्यात कोणतं केमिकल होतं कोणालाच माहीत नाही, भंगारवाल्याकडून घेतलेला, अन् लग्नात त्यात गरम वरण ओततात. शहरातले लोक बिसफेनॉलबद्दल, म्हणजे काही प्लास्टिकातून खाण्यापिण्यात उतरणाऱ्या रसायनाबद्दल बोलतात, ते खरंच आहे, युरोपात 2011 पासून बाळाच्या दुधाच्या बाटलीत ते चालत नाही. मीही आता टपरीचा उकळता चहा पन्नीत आणू देत नाही. पण ते नुकसान हळूहळू होणारं, उपकेंद्रात ते दिसत नाही. आमच्याकडं पहिला प्रश्न हा आहे की या डब्यात आधी काय होतं. नियम आहे की औषधाचा रिकामा डबा परत वापरात येऊ नये अशा रीतीनं त्याची विल्हेवाट लावायची. फवारणाऱ्यानंच तो तीनदा खंगाळून ते पाणी पंपात ओतायचं अन् डब्याला भोकं पाडायची. हे खंगाळणं डबा फेकण्यासाठी आहे, पाणी भरण्यासाठी नाही. पण विहिरीजवळ फेकलेल्या डब्याला भोक पाडलेलं मी तरी आजपर्यंत पाहिलं नव्हतं.

मावशी सुटी झाल्यावर पहिल्यांदा उपकेंद्रात आली तर तिनं तब्येतीचं काही सांगितलं नाही. म्हणे, "मॅडम, माही कॅन?"

मी सांगितलं की आता ती मिळणार नाही. ती बाकावर बसून राहिली. मग म्हणे, "सहा बायाईले दिवसभर पाणी लागते. मंग पाणी कायच्यात नेऊ?" मला लगेच काही बोलता आलं नाही. तिच्याकडं लग्नातली पितळेची घागर होती, तीन वर्षांखाली मोडीत दिली अन् त्या पैशात प्लास्टिकचा ड्रम अन् दोन बकेटी घेतल्या, कारण घागर डोक्यावर नेणं होत नव्हतं. यात तिची काय चूक.

मग आम्ही मालकाकडं गेलो. पहिल्यांदा तो म्हणे बायांनी आपापलं पाणी आणावं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आशाताई चांगलीच भांडली, अन् त्यानं वावरात लिंबाखाली एक मोठा माठ ठेवला, गडी रोज सकाळी भरतो. मला खरंच बरं वाटलं.

परवा वेचणी सुरू झाली म्हणून मी मुद्दाम तिकडं गेले. माठ होता, भरलेला, वर ओलं फडकं. अन् पाणी काढायला माठात एक पांढरं ओगराळं, पाच लिटरच्या कॅनचा बूड कापून केलेलं, धरायला तीच पोकळ मूठ. मी ते बाहेर काढलं अन् माझ्या डब्यातला स्टीलचा ग्लास तिथं ठेवला. शेजारी बसलेला गडी म्हणे, "मॅडम, तीन पाण्यानं धुतलं हाय ते."