फुंकायला जड

क्लॅरिनेट फुंकायला जड जाते म्हणताना आपण बहुधा दोष नळीला देतो. मीही दिला होता. जुन्या बाजारातून घेतलेल्या माझ्या बी-फ्लॅट पट्टीतल्या क्लॅरिनेटवर खालच्या सुरांना दम पुरत नसे. एकदा वरचा भाग सुटा करून, त्याची भोके बोटांनी आणि खालचे तोंड तळव्याने बंद करून हवा ओढली, तर जी पकड काही क्षण टिकायला हवी ती लगेच सुटली. मग सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी एकेका पॅडखाली, म्हणजे भोक झाकणाऱ्या गादीखाली, धरून हलकेच ओढत गेलो, आणि एका पॅडखालून ती अलगद निसटली. पॅड बदलताच नळी निर्दोष ठरली.

हवा कुठे गळत नसेल, तर जडपणाचा उगम बहुतेक वेळा माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि रीड (त्यावर बांधलेली, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) यांच्या जोडीत सापडतो. रीडचे टोक आणि माउथपीसची कड यांतली फट जर्मन पद्धतीच्या माउथपीसमध्ये साधारण 1 मिलिमीटर, तर व्हँडोरेन कंपनीच्या बी-45 या माउथपीसमध्ये 1.2 मिलिमीटरच्या आसपास असते. फट जितकी मोठी तितके रीडला अधिक वाकावे लागते. म्हणून अरुंद फटीवर सहज बोलणारे कडक रीड रुंद फटीवर छाती फोडते. कडक रीड म्हणजे तयारीचा वादक, हा गैरसमज अनेकांचे ओठ सोलून गेला आहे.

नळीचा वाटा नाकारता येत नाही. 1950च्या दशकात आलेल्या, बुफे या फ्रेंच कंपनीच्या आर-13 क्लॅरिनेटची नळी वरच्या भागात टप्प्याटप्प्याने अरुंद होत साधारण 14.6 मिलिमीटरवर येते. तिचा स्वर बांधीव असतो आणि फुंकेला थोडा अटकाव जाणवतो. बूझी अँड हॉक्स या ब्रिटिश कंपनीच्या 1010 क्लॅरिनेटची नळी 15.2 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तिचा स्वर मोकळा आणि पसरट. मात्र तिला तिच्याच मापाचे माउथपीस हवे, नाहीतर सूर जुळत नाहीत. लाकडाविषयी मी फारसे बोलत नाही, कारण नळीच्या भिंतीच्या कंपनांचा स्वरावर नगण्य परिणाम होतो, असे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी 1964 मध्येच मोजून दाखवले होते.

एक अटकाव मात्र रचनेतच आहे. मधल्या बी-फ्लॅट या सुराला रजिस्टर (सुरांचा पट्टा) बदलणारे चिमुकले भोकच हवेची वाट म्हणून वापरावे लागते, आणि तो सूर दबका येतो. तिथे मी उजव्या हाताची दोन-तीन बोटे खालच्या भोकांवर ठेवतो. सूर लगेच भरतो.