ईसीओचे कोड आणि बेघर लंडन सिस्टीम

ऑनलाइन खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावाची पीजीएन फाईल (चाली लिहून ठेवलेली साधी फाईल) उघडली की वरच्या ओळींत ईसीओ (एन्सायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज, म्हणजे डावाच्या सुरुवातींचा कोश) म्हणून बी९० नाहीतर सी६७ असं काहीतरी दिसतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे नंबर सॉफ्टवेअरवाल्यांनी पाडलेत. नाही हो, ते बेलग्रेडच्या पुस्तकांतून आलेत. तिथल्या चेस इन्फॉर्मंट या बुद्धिबळाच्या प्रकाशनवाल्यांनी, म्हणजे संपादक मातानोविच आणि मंडळींनी, १९७४ ते १९७९ या काळात ए ते ई असे पाच जाडजूड खंड काढले (पहिला आला तो सी!), प्रत्येकात ०० ते ९९, म्हणजे एकूण ५०० कप्पे, आणि त्यात जगातली झाडून सगळी ओपनिंग्ज कोंबली.

त्याच्या आधीपासून होतं ते एमसीओ (मॉडर्न चेस ओपनिंग्ज) हे पुस्तक, ग्रिफिथ आणि व्हाइटचं, १९११ चं, पुढे फाइन, कॉर्न, डी फर्मियन असे संपादक बदलत गेले. त्यात निदान चार वाक्यं वाचायला तरी मिळतात, ईसीओत तेही नाही, नुसती मोहऱ्यांची चित्रं, आकडे आणि चिन्हं. ± म्हणजे पांढरा वरचढ, ∞ म्हणजे काही सांगता येत नाही बुवा. त्यामुळे रशियन माणूस वाचो की सांगलीचा, अडत कुणाचंच नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती कप्प्यांच्या वाटपाची. तेव्हा ज्याची चलती होती त्याला ऐसपैस जागा. किंग्ज इंडियन या ओपनिंगला ई६० ते ई९९, चाळीस कप्पे! नायडॉर्फला (सिसिलियन ओपनिंगची एक शाखा) दहा, त्यात वजिरानं धोक्याचं प्यादं खाण्याच्या ‘विषारी प्यादं’ या प्रकाराला स्वतंत्र बी९७. आणि का नसावा, १९७२ च्या विश्वविजेतेपदाच्या मॅचमध्ये अकराव्या डावात फिशरनं तेच प्यादं खाल्लं आणि स्पास्कीनं चौदाव्या चालीला घोडा सरळ मागे बी१ ला, स्वतःच्या मूळ घरात नेऊन ठेवला, पुढे फिशरचा वजीर अडकला आणि डावही गेला, असले डाव ताजे असताना कप्पे पाडलेत हे. उलट २००० साली विश्वविजेतेपदाच्या मॅचमध्ये क्रामनिकनं ज्याच्या जोरावर कास्पारोवला दमवलं ते बर्लिन या बचावाचं वजीर नसलेलं एंडगेम सगळंच्या सगळं एकट्या सी६७ मध्ये दाटीवाटीनं बसलंय. आणि आज क्लबमध्ये दर दुसरा माणूस खेळतो ती पांढऱ्याची लंडन सिस्टीम ही ओपनिंग? तिला स्वतःचा कप्पाच नाही, काळा काय खेळतो त्यावर कधी डी०२, कधी ए४६, कधी ए४८.

कप्पे नव्यानं पाडा म्हणणारे भेटतात, मला नाही पटत, लाखो डाव याच कोडवर लावून ठेवलेत, ते कोण हलवणार.

रद्दीवाल्याकडे ईसीओचा जुना बी खंड दिसला तर मात्र सोडू नका. त्यातले ±, ∞ असले निकाल इंजिननं (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमनं) कधीच मोडीत काढलेत पण तळटिपा वाचा, कोण कुणाशी कुठल्या साली काय खेळलं ते बारीक टायपात सगळं आहे, चष्मा लागेल.