तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावर का उतरत नाही

लग्नात भेटलेले, कॅमेऱ्याच्या दुकानात भेटलेले, सगळे मला हेच विचारतात, "वेंगुर्ला रॉक्सला एवढा जातोस, मग सुरयांचे फोटो होडीतनं का काढतोस? वर उतर, घरट्याजवळ बस, जरा शार्प काहीतरी आण." वेंगुर्ला रॉक्स म्हणजे वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातली कातळाची बेटं, आणि सुरय म्हणजे तिथे घरटी करणारे समुद्रपक्षी, इंग्रजीत टर्न. पेडण्याहून वेंगुर्लं काही लांब नाही, पण आळसाचा प्रश्नच नाहीये. एकदा नीट सांगतो.

होडी हलते, ट्रायपॉडचा उपयोग शून्य, शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या वर न्यावा लागतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, चढतो आणि फोटो दाणेदार येतो. मान्य. नर चोचीत मासा घेऊन मादीपुढे उभा राहतो तो क्षण डोळ्याच्या लेव्हलवरून मलाही हवाय, खूप हवाय.

पण मे संपता संपता, मासेमारी बंद व्हायच्या आधी, एका दुपारी आमच्यासमोर दुसरी होडी लागली आणि कॅमेरेवाले कातळावर चढले. बघता बघता अख्खी वसाहत हवेत. ब्रायडल्ड टर्न ही इथली सुरयांची एक जात, ती एकच अंडं घालते, तेही कपारीत, दगडाखाली, म्हणजे चालणाऱ्याला आपण कशावर पाय ठेवतोय ते कळतच नाही. एक पिल्लू घाबरून सावलीतनं बाहेर पळालं आणि तापलेल्या कातळावर बसलं, चोच उघडी, गळा भराभरा हलतोय. आई की बाप कोण जाणे, दोघं सारखेच दिसतात, चोचीत बोटाएवढा मासा धरून वर घिरट्या घालत होता, खाली यायचा, माणसांचे पाय दिसले की परत वर. शेवटी तो मासा त्यानेच गिळला. तोवर पिल्लाने मान टाकली होती. मी ओरडलो, आमच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, हात केले, लाटांच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार. समुद्र चढायला लागला, आम्ही निघालो. ते पिल्लू उठलं का, माहीत नाही.

मासा घेतलेला पक्षी आणि खाली पिल्लू, एका फ्रेममध्ये माझ्याकडे आहे. तुम्हाला हवं ते सगळं त्यात आहे. दाखवला नाही कारण कुणी "वा" म्हटलं तर मला सहन होणार नाही.

पूर्वीचा मी म्हणाला असता, पहाटे उतरायचं, हाइड, म्हणजे लपून बसायचा आडोसा, लावून गप्प बसायचं, पक्षी खाली येतातच. येतात, खोटं नाही ते. इंग्लंडच्या फार्न बेटांवर तर लोक टर्नच्या टोचा डोक्यावर खात फोटो काढतात, पण तिथे चालायला आखलेली वाट असते आणि लक्ष ठेवायला वॉर्डन असतात. इथे काय आहे? 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला, अंड्याला धक्का लावणंही शिकारीत मोजलंय, पण भर समुद्रात ते बघायला कोण असतं?

आणि हो, आमच्या होडीनेही काही पक्षी उठतात. तांडेल इंजिन बंद करतो तरी उठतात. मग जातोसच कशाला, असं बायको विचारते, आणि तिच्यापुढे मला यातलं काहीच धड मांडता येत नाही. पुढच्या मेमध्ये जाणार आहे मात्र, होडीतूनच.