पडदा खाली गेला, नाटक सुरू झालं

नेपथ्याच्या कार्यशाळेत शनिवारी रोमन रंगमंचाच्या पडद्याचं चालतं मॉडेल उभं केलं, प्रमाण 1:4. पहिला घोटाळा झाला तो सवयीमुळे. तिसरी घंटा देऊन मी 'पडदा!' म्हणालो आणि मुलांनी दोर ओढला. रोमन पडद्याचं सगळं उलटं. सुरुवातीला तो रंगमंचाच्या पुढच्या कडेलगतच्या चरात उतरतो आणि प्रयोग संपला की वर येतो. इ.स.पू. 56 मधल्या एका खटल्यात रोमन वकील आणि वक्ता सिसेरोनं टोमणा मारलाय, की माइमला, म्हणजे त्यांच्या प्रहसनाला, शेवट सापडला नाही की पायानं वाजवायच्या टाळ्या वाजतात आणि पडदा वर जातो. पायातली टाळी म्हणजे त्यांची शेवटची घंटा.

रोमनांना पडदा वरून टांगायला काही नव्हतंच. फ्रान्समधल्या ऑरांजच्या रोमन थिएटरचा रंगमंच 61 मीटर लांब आहे, आणि आपल्यासारखी समोरची चौकट तिथे नाही. मग खालून वर ढकलायचा. पण रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस म्हणतो, रंगमंच 5 रोमन फुटांपेक्षा, म्हणजे साधारण दीड मीटरपेक्षा, उंच नको. समोर खाली बसलेल्या सिनेटरांना नट दिसले पाहिजेत. एवढ्याशा खोलीत माणसाच्या दुप्पट उंच खांब मावायचा कसा? एकात एक सरकणारे खांब, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्यांचं लाकूड उरलं नाही. फ्रान्समधल्याच ल्यों शहराच्या फुर्विएर टेकडीवरच्या रोमन थिएटरात पडद्याचा चर मात्र आजही बघायला मिळतो.

आमचे खांब सहा. बाहेरचा चौकोनी नळा 60 सेंमी, आतला तेवढाच. आतल्याच्या बुडाला बांधलेला दोर बाहेरच्याच्या माथ्यावरच्या कप्पीवरून खाली आणून चराच्या तळाशी पक्का केला. बाहेरचा खांब एक वीत उचलला की आतला दोन विती वर जातो. हा भाग पहिल्याच झटक्यात जमला.

अडलं ते बाहेरचे खांब उचलणाऱ्या रहाटावर. आधी सहा जणांनी सहा दोर ओढून पाहिले. वरची आडवी पट्टी तिरकी झाली आणि तिसरा खांब जाम. मग सगळे दोर एकाच 9 सेंमी व्यासाच्या दांड्यावर घेतले, तरी एक टोक 5 सेंमी वरच. अर्धा तास कप्प्या तपासण्यात गेला. दोष दांड्यावर होता: एका दोराचा दुसरा वेढा पहिल्यावर चढला होता. दोर 6 मिमी जाड, त्यामुळे वरच्या वेढ्यात व्यास 12 मिमीनं वाढतो आणि पूर्ण फेऱ्याला जवळपास 4 सेंमी दोर जास्त ओढला जातो. आमच्या 50 सेंमी उचलीत फरक पडला अडीच सेंमीचा, आणि आतल्या खांबाच्या टोकाला तो दुप्पट झाला. वेढ्यांमध्ये लाकडी चकत्या ठोकून प्रत्येक दोराला त्याची जागा दिली. पट्टी सरळ आली.

तरी अगदी वर गेल्यावर खांब डुलत होते. 50 सेंमी उचलल्यावर आतला खांब बाहेरच्यात फक्त 10 सेंमी उरतो, तेवढी पकड पुरत नाही. उचल 42 वर आणली, पकड 18 झाली. याची किंमत कापडानं मोजली: मीटरभर उंचीचा पडदा खालून दुमडून 84 सेंमी करावा लागला.

पडद्यावर मुलांनी एक उभा योद्धा रंगवला होता. रोमन कवी ऑव्हिडनं जमिनीतून उगवणाऱ्या योद्ध्यांना अशाच पडद्याची उपमा दिलीय: वर येताना आकृतींचे आधी चेहरे दिसतात, मग हळूहळू बाकीचं, आणि शेवटी काठावर टेकलेले पाय. संध्याकाळी पाचला रहाट फिरवला. चरातून आधी शिरस्त्राण आलं, मग डोळे, खांदे, ढाल. मुलं गप्प झाली. गुडघे दिसले, नडग्या दिसल्या आणि पडदा थांबला. पाय दुमडीत गेले होते.